आठवड्याचं वाणसामान अगदी मोजक्या पैशांत, तरीही सकस आणि पोटभर: तुम्ही कसं जमवता?

काचेची_बरणी (धागाकर्ती)

गेल्या काही महिन्यांत माझे कामाचे तास कमी झाले आणि घरातली सगळी गणितं नव्याने मांडावी लागली. भाडं, वीज, शाळा यांना हात लावता येत नाही. राहता राहिलं वाणसामान, म्हणून कात्री तिथेच लागली. घरात मी, माझा भाऊ आणि माझी नऊ वर्षांची मुलगी. दर शनिवारी आठवड्याचे पैसे एका पाकिटात काढून ठेवते. ते पुढच्या शनिवारपर्यंत पुरले पाहिजेत.

पहिला महिना मी काय केलं ते आधी सांगते, कारण तसं कुणी करू नये असं मनापासून वाटतं. मी सरसकट सगळंच कमी केलं. फळं बंद, अंडी बंद, दूध निम्मं, भाजी म्हणजे बटाटे आणि कांदे. तांदूळ मात्र भरपूर. जेवताना पोट भरायचं, पण दीड-दोन तासांत पुन्हा भूक. मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून तशीच आडवी व्हायची. भाऊ बरेच दिवस काही बोलला नाही. एका रात्री ताटात अर्धा भात ठेवून उठला आणि म्हणाला, "भूक आहे गं, पण घशाखाली उतरत नाही." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

आणि एवढी काटकसर करूनही पाकीट गुरुवारपर्यंत रिकामं व्हायचं. पैसे नेमके कुठे जातात तेच कळत नाही. इथे बऱ्याच जणांनी असे दिवस काढले असतील. मला 'स्वस्त पाककृती' नको आहेत, त्या खूप वाचल्या. आठवडा कसा बांधायचा ते हवं आहे. सविस्तर लिहा, मी प्रत्येक प्रतिसाद वाचणार आहे.

---

मोजमाप

ताई, धागा काढलात ते बरं केलंत. तुमचा भात चुकलेला नव्हता, त्याच्या शेजारी काही नव्हतं ही अडचण होती. परत लगेच भूक लागण्याचं कारणही बहुतेक तेच. प्रथिनं आणि चोथा असला की जेवण पोटात टिकतं.

मी एक साधा हिशोब करतो. कुठल्याही पदार्थाची किंमत बघताना किलोचा भाव बघत नाही, त्यातून मिळणाऱ्या प्रथिनांचा भाव काढतो. साधारण आकडे असे: १०० ग्रॅम कच्च्या मसुरीत २४-२५ ग्रॅम प्रथिनं, हरभऱ्यात २०च्या आसपास, शेंगदाण्यात २५, सोयाबीनमध्ये ३६, गव्हाच्या पिठात ११ ते १३, तांदळात ७. एका अंड्यात ६. दुधात १०० मिलीला ३ पेक्षा थोडं जास्त. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम हे किमान माप धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम.

आता कागद घ्या आणि तुमच्याकडच्या भावांना या आकड्यांनी भागा. माझ्या यादीत कडधान्यं आणि शेंगदाणे दर वेळी वर आले, अंडी मध्ये आणि तयार पाकिटातलं सगळं तळाला. तुमच्याकडे क्रम वेगळा येईल कदाचित, म्हणून हिशोब स्वतःच करा, माझा उतरवू नका.

अजून एक. धान्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळी-कडधान्यांत भरपूर असतं. कडधान्यांत मेथिओनिन कमी, ते धान्यात असतं. म्हणून ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. एकाच घासात दोन्ही हवीत असं नाही, दिवसभरात आली तरी चालतं.

---

दोन_ताटं

+१ मोजमाप. हा हिशोब मी कधी केला नव्हता, आज करते.

---

शिकतेय_आहारशास्त्र

वरच्या प्रतिसादात थोडी भर घालते. प्रथिनांचं बघितलं की लोक थांबतात, पण तुमच्या मुलीच्या आडवं होण्यावरून मला लोहाची आठवण झाली. (हे निदान नाही. थकवा टिकला तर रक्त तपासून घ्या, त्यात टाळाटाळ नको.)

डाळी, कडधान्यं, पालेभाज्या यांत लोह असतं, पण ते शरीरात सहज शोषलं जात नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर शोषण बरंच वाढतं. त्यासाठी महाग फळ लागत नाही. कच्चा कोबी बारीक चिरून त्यावर लिंबू पिळलं तरी काम होतं. बटाट्यातही क जीवनसत्त्व आहे, पण ते पाण्यात उतरतं, म्हणून बटाटे चिरून उकळण्यापेक्षा सालासकट अख्खे उकडा. उलट चहा-कॉफी जेवणाबरोबर घेतली तर लोहाचं शोषण कमी होतं. जेवण आणि चहा यात तासाभराचं अंतर ठेवा. याला एक पैसाही लागत नाही.

गाजर आणि गडद हिरवा पाला अ जीवनसत्त्वासाठी. त्याला थोडं तेल लागतं, नुसतं उकडून खाल्लं तर फायदा कमी. आणि ब१२ मात्र वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे यातलं काहीतरी आठवड्यात असूच द्या. अंडी पूर्ण बंद केलीत तिथे मला काळजी वाटली. ज्यांच्या घरात यातलं काहीच चालत नाही, त्यांनी ब१२ची गोळी किंवा ते मिसळलेले पदार्थ यांचा विचार डॉक्टरांशी बोलून करावा.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं सुचवते, बटाटे त्यात मोजत नाहीत. तंगीत हा आकडा गाठणं अवघड आहे, मला माहीत आहे. पण कोबी, गाजर, भोपळा अशा टिकाऊ भाज्यांवर जोर दिला तर त्याच्या जवळ जाता येतं.

---

रातपाळी

ताई, तुम्ही लिहिलंय ना, पाकीट गुरुवारी रिकामं होतं. मी त्याच एका वाक्यावर थांबलो.

माझंही असंच व्हायचं, तेव्हा मी एका वहीत तीन आठवडे रोजचा खर्च लिहिला. शनिवारची खरेदी ठरल्याप्रमाणेच होत होती, तिथे काहीच चूक नव्हती. पैसे जायचे ते एका ठरावीक संध्याकाळी. कामावरून आठ वाजता घरी, पाय दुखताहेत, हरभरे भिजवायचे राहिलेत, भाजी चिरायची ताकद नाही. मग बाहेरून काहीतरी आणायचं. त्या एका जेवणात दोन दिवसांचं वाणसामान आलं असतं. दुसऱ्या दिवशी वाईट वाटायचं आणि त्या वाईट वाटण्यात आणखी काही सुचायचं नाही.

तेव्हापासून मी आठवडा उलटा बांधतो. सगळ्यात आधी थकलेल्या दिवसाचं जेवण ठरवतो, मग बाकीच्यांचं. ते जेवण पंधरा-वीस मिनिटांत झालं पाहिजे, काही भिजवायचं नको, चिरायला एका कांद्यापेक्षा जास्त नको. माझ्याकडे ते म्हणजे सालं काढलेली मसूर डाळ. ती भिजवावी लागत नाही, वीस मिनिटांत शिजते. एका बरणीत दोन जेवणांपुरती मोजून बाजूला ठेवलेली असते आणि तिला एरवी हात लावायचा नाही. शेजारी चार अंडी, तीही राखीव.

बरणीवर मी काही लिहिलेलं नाही, पण घरात सगळ्यांना ती कुठल्या दिवसाची ते माहीत आहे. तुमच्या आठवड्यातला तो दिवस कुठला, ते आधी शोधा.

---

काचेची_बरणी (धागाकर्ती)

रातपाळी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मंगळवार आणि गुरुवार. त्या दोन दिवशी मी उशिरा येते. मागच्या महिन्यातल्या पावत्या काढून बघितल्या. मधल्या खरेद्या जवळजवळ सगळ्या त्याच दोन दिवसांच्या आहेत: बिस्किटं, तयार सूप, ब्रेड. मला वाटत होतं मी सगळीकडेच थोडं थोडं जास्त खर्च करते.

---

एकटा_जीव

मला सांगायचंय ते थोडं वेगळं आहे. 'घाऊक घ्या, स्वस्त पडतं' हा सल्ला प्रत्येक धाग्यावर येतो. ज्याच्या पाकिटात आठवड्याचेच पैसे आहेत त्याने दहा किलोची पिशवी कशी घ्यायची? मोठी पिशवी स्वस्त पडते हे खरं, पण ती घेतली तर त्या आठवड्याची भाजी जाते. हे समजून न घेता दिलेला सल्ला मला लागतो.

---

मोजमाप

एकटा_जीव, तुमचं बरोबर आहे. मी वर लिहिलं नाही, पण मलाही यातून जावं लागलं आहे. मी काढलेला मार्ग सांगतो. पाकिटातल्या पैशांचे दहा भाग करायचे. नऊ भागांत आठवडा काढायचा आणि दहाव्या भागातून दर आठवड्याला एकच वस्तू नेहमीपेक्षा मोठी घ्यायची. या आठवड्यात तेल, पुढच्या आठवड्यात डाळ, मग तांदूळ, मग शेंगदाणे. एका वेळी एकच. दीड-दोन महिन्यांत फळीवर चार-पाच वस्तू अशा होतात ज्या त्या आठवड्यात घ्याव्याच लागत नाहीत. मग पाकीट हळूहळू सैल होतं. पहिले तीन आठवडे काही फरक दिसत नाही, तेव्हा सोडून द्यावंसं वाटतं. सोडू नका.

आणि मोठी पिशवी नेहमी स्वस्त असतेच असंही नाही. दर शंभर ग्रॅमला किती पडतं ते भागून बघा. मला दोनदा लहान पाकीट स्वस्त मिळालं आहे.

---

एकटा_जीव

हे पटलं. एका वेळी एक वस्तू जमण्यासारखी आहे.

---

दोन_ताटं

कडधान्यांचा साठा करणाऱ्यांसाठी एक सूचना, अनुभवातून. मी एकदा वर्षभर पुरतील एवढे हरभरे घेतले. सात-आठ महिन्यांनी ते कितीही शिजवले तरी आतून कडकच राहायचे. जुनं कडधान्य उष्ण, दमट जागी राहिलं की असं होतं, मग इंधनही जास्त जळतं आणि कुणी आवडीने खात नाही. दोन-तीन महिन्यांचंच घ्या, कोरड्या जागी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

शिजवतानाचंही सांगते. टोमॅटो, लिंबू, चिंच, दही असं आंबट काहीही आधी घालू नका, आंबटाने कडधान्य मऊ व्हायला वेळ लागतो. शिजल्यावर घाला. मीठ घातल्याने कडधान्य कडक होतं असं मी लहानपणापासून ऐकत आले, पण भिजवायच्या पाण्यात मीठ घातलं तर उलट सालं मऊ होतात. करून बघा.

---

शिकतेय_आहारशास्त्र

राजमा घेणाऱ्यांनी हे नक्की वाचा. कच्च्या आणि अर्धकच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, त्याने जोरदार उलट्या-जुलाब होतात. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात खळखळ उकळी आणून निदान दहा मिनिटं तसंच उकळू द्या आणि मग पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. कुकरमध्ये नीट शिजवलात तर प्रश्न नाही. मंद आचेवर तासन्‌तास ठेवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नका, तिथे तापमान पुरेसं चढत नाही.

दुसरं, उरलेला भात. काटकसरीत तो जपावासा वाटतो आणि जपावाच, पण नीट. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट ताटात पसरून लवकर गार करा, तासा-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चांगला वाफाळता गरम करून संपवा. फ्रीज नसेल तर मोजूनच शिजवा. आजारपणात जाणारे पैसे वाचलेल्या भातापेक्षा फार जास्त असतात.

---

हिरवा_पाला

मी बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहिते. माझा विषय कोबी.

आमच्याकडे कोबी आठवडाभर राहतो आणि शेवटच्या दिवशीही ताजा असतो. आधी मी तो मधोमध चिरायचे. दोन दिवसांत कापलेली बाजू काळपट पडायची, ती काढून टाकायची, म्हणजे दर वेळी बोटभर जाडीचा थर कचऱ्यात. आता मी कोबी कापतच नाही. देठाकडे सुरीचं टोक घालून बाहेरचं पान मुळाशी सोडवते आणि पानं एकेक उलगडून काढते, आज चार, उद्या पाच. आतला गड्डा बंदच राहतो. सर्वांत बाहेरची जाड पानं फेकत नाही, बारीक चिरून डाळीत शिजवते. आतली कोवळी पानं कच्ची खायला. देठाचा मधला दांडा सोलला की आत गोडसर लागतो, तो माझा मुलगा मागून खातो.

कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. दोघांनाही हवेशीर, अंधारी जागा, पण वेगवेगळी. हिरवा पडलेला किंवा खूप कोंब फुटलेला बटाटा खाऊ नका. पालेभाजी आणली की ओली ठेवायची नाही, कोरड्या फडक्यात सैल गुंडाळायची. आणि आठवड्याचा क्रम ठरवून घ्या: आधी पाला, मग टोमॅटो-काकडी, शेवटी कोबी-गाजर. पाला पाचव्या दिवसासाठी जपून ठेवला तर तो पाचव्या दिवशी कचऱ्यातच जातो.

---

मोजमाप

हिरवा_पाला, असे प्रतिसाद जास्त यायला हवेत. तुमच्या बोटभर थरावरून आठवलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घरांतून. आपण सगळे दुकानातल्या भावाशी झगडतो, पण त्याच पैशांचा एक भाग आपल्या ओट्यावरून जातो.

---

रातपाळी

चवीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. ताईंच्या भावाचं वाक्य विसरू नका. भूक असून घशाखाली उतरत नाही याचा अर्थ जेवण बेचव झालंय. तंगीत आपण आधी चव कापतो, कारण ती चैन वाटते. माझा अनुभव उलटा आहे. स्वस्त जेवण रोज खायचं असेल तर त्याला चव हवीच, नाहीतर माणूस तिसऱ्या दिवशी बाहेर खातो.

चव महाग नसते. वेळ लागतो. कांदा मंद आचेवर चांगला पंधरा मिनिटं तपकिरी होईपर्यंत परता, कडेला चिकटलेलं चमचाभर पाण्याने सोडवून घ्या आणि मग डाळ घाला. तीच डाळ, तोच कांदा, पण वेगळीच लागते. मी सुट्टीच्या दिवशी सहा कांदे एकदम असे परतून ठेवतो, फ्रीजमध्ये चार दिवस जातात. शेंगदाणे भाजून जाडसर कुटून वर घालायचे. शेवटी लिंबू किंवा व्हिनेगर. मीठ वाढवण्याआधी आंबट वाढवून बघा, पुष्कळदा कमी पडलेलं असतं ते आंबटच.

---

दोन_ताटं

चवीच्या मुद्द्याला अनुमोदन. आणि मुलांसाठी आठवड्याला एक वस्तू त्यांच्या मनासारखी. माझा मुलगा शनिवारी सकाळपासून ठरवत असतो. त्याची निवड मी कधी बदलत नाही, मग ती कितीही बिनकामाची वाटो. बाकी सहा दिवस तो कुरकुर करत नाही.

---

एकटा_जीव

एक प्रश्न. माझ्याकडे फ्रीज नाही, एकच शेगडी आहे. वरचं बरंचसं मला लागू होत नाही. कुणी अशा परिस्थितीत राहिलंय का?

---

हिरवा_पाला

मी राहिलेय, दोन वर्षं. रोज मोजून शिजवायचं, उरवायचं नाही. अंडी बाहेर थंड सावलीत काही दिवस राहतात, पण न धुतलेली. धुतलेली लवकर बिघडतात. दुधाऐवजी दूध पावडर कोरड्या डब्यात ठेवा, हवी तेवढीच कालवा. शेंगदाणे, भाजलेले हरभरे, गाजर, कोबी, कांदे यांना फ्रीज लागत नाही. कडधान्याला मोड आणा: रात्री भिजवा, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधा, दिवसातून दोनदा पाणी मारा. मोड आले की क जीवनसत्त्व वाढतं आणि शिजायलाही कमी वेळ लागतो. उकाड्यात मोड कच्चे मात्र खाऊ नका, वाफवूनच घ्या. त्या ऊबेत इतर जिवाणूही वाढतात.

इंधनासाठी: डाळीला उकळी आली, दहा मिनिटं शिजली की घट्ट झाकण लावून भांडं जाड चादरीत गुंडाळून ठेवायचं. तासाभरात आपल्या उष्णतेनेच शिजते. ही युक्ती डाळीसाठी वापरा, राजम्यासाठी नको.

---

एकटा_जीव

चादरीचं आज करून बघतो. मनापासून आभार.

---

काचेची_बरणी (धागाकर्ती)

पाच आठवडे झाले, म्हणून पुन्हा लिहायला आले.

मंगळवार आणि गुरुवारची बरणी भरून ठेवली. माझ्या नावाचीच झाली ती. पहिल्या आठवड्यात मंगळवारी मी विसरून ब्रेड घेऊन आले होते. भाऊ म्हणाला, "बरणी आहे ना?" आणि त्यानेच डाळ शिजायला टाकली. मी कपडे बदलून येईपर्यंत कांदा परतून झाला होता. तेव्हापासून गुरुवार त्याने स्वतःकडे घेतला आहे.

अंडी परत सुरू केली, आठवड्याला बारा. त्यासाठी बिस्किटं आणि तयार सूप थांबवलं. हिशोब केला तर पैसे जवळपास तेवढेच लागले. मुलीचं रक्त तपासलं, लोह कमी निघालं. डॉक्टरांनी औषध दिलंय आणि जेवणात लिंबू-कोबी सुरू आहे. चहा मी जेवणापासून लांब केला, आधी दोन दिवस डोकं दुखलं, मग सवय झाली.

दहाव्या भागातून आत्तापर्यंत तेल, मसूर आणि तांदूळ झाले. दोन आठवडे असे गेले की तो भागच काढता आला नाही, एकदा मुलीच्या तपासणीमुळे. या शनिवारी पाकिटात थोडे पैसे उरले. फार नाहीत, एक फळ येईल एवढे. मुलीला विचारलं काय आणू, तर तिने फळ नको म्हटलं, कोबीचा दांडा तिलाही आवडायला लागलाय, तोच अजून एक आण म्हणाली. मी दोन्ही आणलं.

रातपाळी, सहा कांद्यांऐवजी आम्ही आता आठ परततो. एक अडचण आहे: चार दिवसांनंतर वास बदलतो. तुम्ही तेल जास्त घालता का, की डबा वेगळा वापरता?

---

रातपाळी

तेल नेहमीएवढंच. कांदा पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा, नाहीतर आत वाफेचं पाणी साठतं. डबा काचेचा आणि अगदी कोरडा हवा, काढायला ओला चमचा नको. आठ कांदे असतील तर दोन लहान डबे करा आणि फ्रीजरची सोय असेल तर दुसरा डबा सरळ तिथे ठेवा. वास बदललेला कांदा मात्र टाकून द्या, तो वाचवायच्या नादात आख्खी डाळ जाते.